वार

फ्रेझरबर्गच्या पुढे डांबर संपतं, मग नुसती खडी.
ऑगस्टची रात्र, कारूचं पठार,
पाण्याच्या टाकीवर बोटभर बर्फ.
फ्लोर्स कामीसने कंदील खुंटीला अडकवला,
म्हणाला, डॉक्टरीणबाई, हीच ती.

मान पुढे काढून उभी होती,
बरगड्या भात्यासारख्या.
दिवसभर क्रालमध्येच होती म्हणे,
कुणीही मागे लागलं नव्हतं,
तरी धाप अशी, की कोल्हा
आत्ताच वळणाआड झाला असावा.
म्हणून तर आमच्याकडे नाव पडलं याखसिक्त,
पाठलागाचा आजार.

दोघांनी मिळून तिचे मागचे पाय उचलले,
हातगाडीचे दांडे उचलावेत तसे.
नाकातून पाणी आलं, फेसाळ, पेलाभर.
तपासणी ती एवढीच.
रक्तात शोधून काही हाती लागत नाही;
शरीर ह्या विषाणूवर शस्त्रच उगारत नाही,
घरचा समजतं त्याला.

आणि चुकीचं तरी कसं म्हणू?
लाखो वर्षांपूर्वी,
मेंढी अजून पुरती मेंढी झाली नव्हती तेव्हा,
ह्याच कुळातला कुणी तिच्या बीजात शिरला.
वार करायलाच आला होता.
पण बीजात शिरलेल्याला परतीचं दार नसतं.
पिल्लू जगलं तर तो जगणार,
पिल्लू मेलं तर तोही संपला.
पिढ्यान् पिढ्या नुसता उतरवला गेला,
उतरवताना झिजला, अक्षरं गळाली,
राहिलं एक जुनं कसब:
परक्या पेशीला बिलगायचं.
ते गर्भाने उसनं घेतलं,
आईच्या भिंतीला धरून राहायला.
तो वार होता.
ती वार झाली.

हे सगळं फ्लोर्सला सांगितलं, थंडीत काहीतरी बोलायचं म्हणून.
तो उरलेल्या चार दातांनी हसला.
म्हणजे चोरालाच घरजावई केला म्हणा.
मग हा बाहेरचा कोण, हिला मारणारा?
त्याचाच भाऊबंद.
आणि आतले त्याला अडवत नाहीत?
काही अडवतात. काहींमुळे तो ओळखूच येत नाही.
भावकी आहे, फ्लोर्स. दोन्ही करते.
तो थोडा वेळ गप्प राहिला.
आणि आपल्यात?
आपल्यातही. कूळ दुसरं, गोष्ट तीच.
त्याने कोटावरूनच बेंबीवर हात ठेवला,
जणू तिथे कुणी राहत असावं.

तीनच्या सुमारास ती गेली.
कोकरू आधीच ओढून काढलं होतं,
दुधाचा थेंब न चाखलेलं, गोणपाटात थरथरत.
पलीकडे कानफाट्या मेंढीचं पिल्लू मेलेलंच जन्मलं,
तिची वार नुकती पडली होती, वाफाळत.
फ्लोर्सने काही विचारलं नाही.
ती उचलली,
आणि पोरक्याच्या डोक्याला, पाठीला,
शेपटीखाली, चारी खुरांना चोळली,
सावकाश, लोणी लावावं तशी.

आजारी आईचं पिल्लू कळपात ठेवायचं नाही.
नियम आहे, वहीत रकाना आहे, मीच तो आखलाय.
ह्याच्या फुप्फुसात तो शिरलाय का,
ते कळायला दोन-तीन वर्षं जातील.
ह्याच्या प्रत्येक पेशीत तो आहे,
ते आत्ताच ठाऊक आहे.
बोटं बधिरली होती, पेन धरवत नव्हतं,
असं मी नंतर लिहिलं.

कानफाटीने हुंगलं. मागे सरली.
खूर आपटला.
परत हुंगलं, शेपटीपाशी, बराच वेळ.
मी श्वास धरून होते.
मग तिच्या घशातून तो खोल आवाज आला,
मेंढ्या ह्याच वेळी काढतात तो,
आणि ती चाटू लागली
स्वतःचाच वास, परक्याच्या अंगावरून.

मागे ती दुसरी पडली होती,
आता तिच्या मागे कुणीच नव्हतं.
फ्लोर्सने कोपराने टाकीवरचा बर्फ फोडला
आणि हात धुतले.